एक गाणे झाले की थांबले पाहिजे

आमच्या बाईंच्या बाल्कनीत पाच-सहा तबकड्या सुतळीला टांगलेल्या असतात. पुण्यात कबुतरांवर जे असंख्य उपाय चालतात त्यांतला हा एक. उन्हात तबकडी गरगरली की भिंतीवर रंगीत कवडसे पळू लागतात आणि कबुतरे, निदान पहिले आठ दिवस तरी, कठड्यावर बसत नाहीत. त्या तबकड्यांपैकी बहुतेक मी वाया घालवलेल्या आहेत. २००५ ते २०१३ अशी नऊ वर्षे बाईंच्या गायनवर्गाच्या गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाची डीव्हीडी मी करून देत असे, आणि दरवर्षी एखादी तरी तबकडी मारता मारता, म्हणजे संगणकावरून तिच्यावर चित्रफिती उतरवता उतरवता, मध्येच बिघडत असे. ती मी त्यांच्याच घरी विसरून येई आणि त्यांच्या सूनबाई तिला भोक न पाडता, आयत्या भोकातून सुतळी घालून, कामाला लावत.

यंदा बाईंना ८० पूर्ण झाली आणि आम्हा जुन्या विद्यार्थ्यांनी सहस्रचंद्रदर्शनाला त्यांना काय द्यावे याचा विचार सुरू केला. शाल-श्रीफळाला त्यांनी आधीच हात जोडले होते. शेवटी असे ठरले की त्या नऊ वर्षांच्या कार्यक्रमांतून त्यांनी स्वतः निवडलेल्या चिजा एकत्र करून, प्रहरांप्रमाणे लावून, जुन्या पद्धतीची एक डीव्हीडी करावी. ‘जुन्या पद्धतीची’ हे शब्द बाईंचे होते. काम अर्थातच माझ्याकडे आले, आणि मी ‘एका रविवारचे काम आहे’ असे सर्वांसमक्ष सांगून बसलो. प्रत्यक्षात ते आषाढातल्या पाच रविवारांचे निघाले, कारण ज्या सॉफ्टवेअरवर मी त्या डीव्हीड्या बांधत असे ते दरम्यानच्या काळात जगातून गेले होते.

डीव्हीडीच का, हा प्रश्न मलाही पडला होता. वर्गातल्या एका तरुण मुलाने दोन वर्षांपूर्वी बाईंना पेन ड्राइव्हवर तीसेक ध्वनिचित्रफिती घालून दिल्या होत्या आणि त्या नव्या टीव्हीला लावूनही दिल्या होत्या. बाईंनी चार दिवस ऐकले आणि पेन ड्राइव्ह परत केला. त्यांची तक्रार चित्राबद्दल नव्हती, आवाजाबद्दलही नव्हती. ‘‘एक गाणे झाले की थांबले पाहिजे रे,’’ त्या म्हणाल्या, ‘‘हे आपले एकामागून एक सुरूच राहते. तोडी कानात आहे तोवर याने सारंग सुरू केला. ऐकलेले जरा राहू द्यावे, मग पुढचे मी लावीन.’’ इंटरनेटवरून लावून दिले तर तिथे याहून वाईट. तोडी संपली की काही सेकंदांत कोणाची तरी पाककृती सुरू होते. बाईंच्या जुन्या प्लेअरवर मात्र गाणे संपले की यादीचे पान पडद्यावर परत येई आणि त्या दुसरे बटण दाबेपर्यंत तिथेच उभे राही. रिमोटच्या मागचे झाकण हरवले आहे, सेल चिकटपट्टीने धरून ठेवले आहेत. पण त्यावरची चार बाणांची बटणे, मधले गोल बटण आणि मेन्यूचे बटण त्यांच्या बोटांना अंधारातही सापडते.

यादीचे हे पान, त्यावरची बटणे, कोणते बटण दाबले की कुठे जायचे आणि तिथले संपले की कुठे परतायचे, या सगळ्या बांधणीला डीव्हीडी ऑथरिंग म्हणतात. नुसती फाइल तबकडीवर उतरवणे वेगळे आणि हे वेगळे. डीव्हीडीच्या आत एक व्हिडिओ_टीएस नावाचे फोल्डर असते. त्यातल्या व्हीओबी फाइलींत चित्र आणि आवाज असतो आणि आयएफओ फाइलींत रस्ते असतात. त्या रस्त्यांसाठी डीव्हीडीची स्वतःची छोटीशी आज्ञाभाषा आहे. प्लेअरमध्ये १६ सर्वसाधारण नोंदकप्पे असतात, त्यांत आकडे ठेवता येतात आणि त्या आकड्यांवरून निर्णय घेता येतात. घरातला दोन-तीन हजारांचा प्लेअर इतका विचार करू शकतो हे तेव्हा मला फार अप्रूपाचे वाटे. व्हीसीडीच्या काळात आम्ही लग्नाच्या तबकड्या मारत होतो तेव्हा चित्र ३५२ बाय २८८ चे, वेळ ७४ मिनिटे, आणि पुढे-मागे जाण्याखेरीज फारसे काही नाही. त्यानंतर डीव्हीडी हाती आली तेव्हा खरे तर तिच्या ७२० बाय ५७६ च्या चित्रापेक्षा या मेन्यूनेच मी हरखून गेलो होतो. पुस्तकाला अनुक्रमणिका असते तशी गाण्यांना आली होती.

ज्या सॉफ्टवेअरवर मी हे शिकलो त्याचे नाव घेण्यात आता अर्थ नाही. ते मी खोक्यासकट विकत घेतले होते, खोक्याच्या आत अनुक्रमांकाचा कागद होता आणि तो मी अजून जपून ठेवला आहे. जुना संगणक गेल्यावर ते मी नव्या यंत्रावर चढवले, अनुक्रमांक घातला, तो बरोबर असल्याचे त्याने मान्यही केले, आणि मग ते परवाना पक्का करण्यासाठी इंटरनेटवर कंपनीच्या सर्व्हरला शोधू लागले. तो सर्व्हर बंद झालेला आहे. पैसे दिल्याचा कागद हातात, तबकडी हातात, आणि दार उघडणारा माणूसच नोकरी सोडून गेलेला, असा तो प्रकार होता. ग्राहक सेवेकडून आलेले पत्र नम्र होते आणि त्यात नवे काहीतरी विकत घेण्याचा दुवा होता. त्या नव्यात डीव्हीडी नव्हतीच.

हे काही एकट्या त्या कंपनीचे नाही. ॲपलने २००१ साली आयडीव्हीडी आणले तेव्हा घरच्या घरी डीव्हीडी बनवता येणे हा मॅक घेण्यासाठीचा एक मुद्दा होता. दहा वर्षांनी, २०११ मध्ये, व्हिडिओ एडिटिंगचे नवे फायनल कट आले त्याच वेळी व्यावसायिकांसाठीचे डीव्हीडी स्टुडिओ प्रो बंद झाले आणि आयडीव्हीडीही मागे पडले. ॲडोबीच्या एन्कोअरची २०१२ ची सीएस६ आवृत्ती शेवटची ठरली. विंडोज व्हिस्टा आणि विंडोज ७ मध्ये आयते येणारे डीव्हीडी मेकर विंडोज ८ मध्ये दिसेनासे झाले, आणि त्याच आवृत्तीपासून डीव्हीडी नुसती पाहण्याची सोयही आयती मिळेनाशी झाली, कारण तिच्या डीकोडरचा परवाना प्रत्येक संगणकामागे पैसे मागतो आणि बहुतेक संगणकांत आता ड्राइव्हच नसतो. सोनीचे डीव्हीडी आर्किटेक्ट २०१६ मध्ये मॅजिक्स या कंपनीकडे गेले. ज्यांनी मॅकवर जुने सॉफ्टवेअर जिवापाड सांभाळले होते त्यांची मॅकच्या २०१९ च्या कॅटलिना या आवृत्तीने वाट लावली, कारण ३२ बिटांचे काहीही त्यावर चालत नाही. कारणे समजण्यासारखी आहेत आणि मी त्यांच्यावर रागावूही शकत नाही. तरी एक गोष्ट खटकते. बंद झालेल्या सॉफ्टवेअरने बनवलेली डीव्हीडी आजही कोणत्याही प्लेअरवर चालते, कारण तबकडीची रचना सर्वांसाठी एकच ठरलेली आहे. पण त्याच डीव्हीडीची मूळ प्रकल्पाची फाइल, जी मी तीन-तीन हार्ड डिस्कवर जपली होती, ती त्या एका सॉफ्टवेअरखेरीज कोणालाच वाचता येत नाही. मी नऊ वर्षे भलतीच वस्तू जपत होतो.

पर्याय शोधायला बसलो तेव्हा पहिला आठवडा मी पर्यायांच्या नावांतच घालवला. जपानच्या पेगासिस कंपनीचे टीएमपीजीएन्क ऑथरिंग वर्क्स हे विकतचे सॉफ्टवेअर या धंद्यात अजून टिकून आहे आणि जे पाहिले ते नेटके वाटले. नियमित काम असते तर मी तेच घेतले असते. लिनक्सवर डेवेडे आणि बोम्बोनो आहेत. मॅकवर बर्न नावाचे एक साधे फुकट साधन आहे आणि विकतचे टोस्ट आहे, पण माझ्याकडे मॅक नाही. व्हिडिओ एडिटिंगची काही घरगुती सॉफ्टवेअरे शेवटी ‘डीव्हीडी बनवा’ असे एक बटण देतात आणि त्यांच्यात गुलाबाच्या पाकळ्यांचे, फुग्यांचे, समुद्रकिनाऱ्याचे तयार मेन्यू असतात. ती मी लगेच बाजूला ठेवली, कारण त्यांतल्या बहुतेकांत सगळे चित्रीकरण एक सलग पट्टा मानून त्यावर प्रकरणांच्या खुणा करतात. खुणेवर उडी मारता येते, पण तिथून सुरू झालेले गाणे संपल्यावर पट्टा पुढे चालूच राहतो. म्हणजे बाईंची पेन ड्राइव्हचीच तक्रार, फक्त पाकळ्यांसह.

या टप्प्यावर मी एका कागदावर लिहून काढले की मला नेमके काय हवे आहे, आणि तो कागद फारच लहान निघाला. मराठी अक्षरे. दोन पातळ्यांचे मेन्यू: पहिला प्रहरांचा, दुसरा चिजांचा. गाणे संपले की ज्या पानावरून आलो त्याच पानावर परत. आवाजाला धक्का नको. बस्स. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये हलत्या पार्श्वभूमी, पानांच्या मागे वाजणारे संगीत, सात भाषांची उपशीर्षके, काय वाटेल ते होते. त्यातले मी नऊ वर्षांत जवळजवळ काहीही वापरले नव्हते. पहिल्या वर्षी मेन्यूच्या मागे तानपुरा वाजवला होता, तर बाईंनी ‘‘हा काळी चारमध्ये आणि पुढचे गाणे पांढरी पाचमध्ये, कशाला ते?’’ असे विचारून तो बंद करवला होता.

एवढ्या गरजेला डीव्हीडीस्टायलर पुरेसे आहे. ते फुकट आहे, त्याचा मूळ कोड सर्वांना खुला आहे, विंडोजवर चालते, आणि त्याच्या पोटात डीव्हीडीऑथर व एफएफएमपेग ही जुनीजाणती साधने काम करतात. दिसायला ते पोरगेलेसे आहे. पण त्यात प्रत्येक चीज स्वतंत्र शीर्षक म्हणून घालता येते, एका डीव्हीडीवर अशी ९९ शीर्षके चालतात, आणि प्रत्येक शीर्षकाच्या गुणधर्मांत ‘संपल्यावर काय करायचे’ असा एक रकाना आहे. त्यात ‘शेवटच्या मेन्यूला बोलाव’ अशा अर्थाची तीन शब्दांची आज्ञा मिळते. ती निवडली, तीन मिनिटांचा एक तुकडा घालून तबकडीऐवजी नुसते फोल्डर बनवले आणि ते संगणकावरच्या व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडले. तुकडा संपला, क्षणभर काळे झाले, पान परत आले आणि तिथे थांबले. मी खुर्चीत मागे रेललो. दुसरी गोष्ट त्याहून सुखाची होती: त्याच्या प्रकल्पाची फाइल नोटपॅडमध्ये उघडते. आत एक्सएमएलचा साधा मजकूर आहे. कोणते पान, कोणते बटण, कुठे जाते, सगळे वाचता येते. उद्या डीव्हीडीस्टायलरही बंद पडले तर पडो.

मग जुन्या नऊ तबकड्या बाईंच्या कपाटातून आणल्या. त्या काळात दुकानातून ५० च्या चळतीने कोऱ्या तबकड्या आणायच्या आणि त्यातली त्यात चकचकीत दिसणारी बाईंसाठी काढून ठेवायची, एवढेच माझे गुणवत्ता नियंत्रण होते. घरी मारलेल्या तबकडीत छापील तबकडीसारखे खळगे नसतात. सेंद्रिय रंगाचा एक थर असतो, लेझरने तो जागोजागी बदलतो आणि तेच अक्षर होते. ऊन, दमट हवा आणि वर्षे या तिन्हींनी तो रंग हळूहळू सैल होतो. बाईंचे कपाट कोरडे असल्यामुळे आठ तबकड्या सुरळीत वाचल्या गेल्या. नववी, २००७ ची, मी हौसेने सजवली होती. तिच्यावर कागदाचे गोल स्टिकर होते, त्यावर बाईंचा फोटो आणि सोनेरी अक्षरे. ते स्टिकर आता एका बाजूने सुटून फुगले होते आणि ड्राइव्हमध्ये तबकडी वेग घेऊ लागली की पंख्याला दोरी अडकल्यासारखा आवाज येई. डीडीरेस्क्यू नावाचे एक साधन आहे. ते आधी जे सहज वाचता येते ते सगळे उचलते आणि अडलेल्या जागी नंतर पुन्हा पुन्हा परत जाते. वेग कमी करून ते रात्रभर चालू ठेवले. सकाळपर्यंत बहुतेक सगळे हाती आले होते. जे गेले ते तबकडीच्या बाहेरच्या कडेचे, म्हणजे कार्यक्रमाच्या शेवटचे, म्हणजे आभारप्रदर्शनाचे. मी देवाचे आभार मानले आणि कोणालाही सांगितले नाही. आभार मानणारा त्या वर्षी मीच होतो.

तबकड्यांतून चित्रफिती काढताना एक पथ्य पाळावे लागते आणि ते मी आधी पाळले नाही. डीव्हीडीवरचे चित्र एमपेग-२ पद्धतीने आधीच दाबलेले असते. ते काढून, तोडून, पुन्हा दाबून घातले तर झेरॉक्सची झेरॉक्स होते. पहिल्या प्रयत्नात बाईंच्या जांभळ्या काठाच्या साडीवर चौकटी दिसू लागल्या तेव्हा लक्षात आले. डीव्हीडीस्टायलरमध्ये चित्र आणि आवाज दोन्ही जसेच्या तसे उचलण्याचा पर्याय आहे, तो निवडायचा, आणि तुकडे करतानाही पुन्हा न दाबता करायचे. पण मग हवे तिथे तोडता येत नाही. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे. त्यांतले पूर्ण चित्र अधूनमधूनच असते, मधली चित्रे फक्त बदल सांगतात, आणि अशा गटात जास्तीत जास्त १५ चित्रे असू शकतात. म्हणजे तोडण्याची जागा सहा दशांश सेकंदापर्यंत सरकू शकते. भाषणाच्या चित्रीकरणात कोणाच्या लक्षातही येणार नाही. गाण्यात मात्र त्या अर्ध्या सेकंदात षड्ज लागतो. एका मुलीचा यमन ‘सा’ अर्धा गिळून सुरू झालेला ऐकला तेव्हा मी सगळ्या तुकड्यांच्या सुरुवाती एकेक सेकंद मागे ओढल्या. त्यामुळे काही ठिकाणी आधी कोणीतरी खोकते, एका ठिकाणी तबलजी हातोडी खाली ठेवतो. ते असू द्यावे असे मी ठरवले.

बाईंनी निवडलेल्या चिजा २६ होत्या आणि एकूण वेळ २ तास ४० मिनिटे. ४.७ जीबीच्या तबकडीत दोन तासांचे चित्र बसवायचे तर चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट वाट्याला येतात. जसेच्या तसे उचलायचे तर एवढे सगळे एका तबकडीत मावणार नव्हते. दुहेरी थराची ८.५ जीबीची तबकडी असते, पण ती सहजी मिळत नाही आणि बाईंचा प्लेअर थर बदलताना तिथेच बसकण मारील अशी मला भीती होती. हा पेच दोन दिवस डोक्यात घोळला आणि मग अगदी सरळ उत्तर सापडले: दिवसाचे चार प्रहर एका तबकडीवर, रात्रीचे चार दुसरीवर. मल्हारांचे काय, हा प्रश्न राहिला. कार्यक्रम गुरुपौर्णिमेचे, म्हणजे ऐन आषाढातले, त्यामुळे मेघ, गौड मल्हार, मियाँ मल्हार यांची संख्या मोठी, आणि पावसात ते केव्हाही गायले जातात. म्हणून दिवसाच्या तबकडीवर चार प्रहरांखाली ‘पाऊस’ असे पाचवे बटण आले. या कामात मला स्वतःचा म्हणून अभिमान वाटला असेल तर तो या एका बटणाचा.

अक्षरांचे काम मात्र २००६ पेक्षा सोपे झाले आहे. त्या वेळी त्या सॉफ्टवेअरमध्ये थेट मराठी लिहिले की ‘विभास’ मधली वेलांटी ‘व’ च्या मागे जाऊन बसे आणि ‘मल्हार’ चा ‘ल’ पाय मोडून उभा राही. मग श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टंकून, त्याचे चित्र करून, ते चित्र पार्श्वभूमी म्हणून घालायचे. त्या वर्षांच्या यादीचा मजकूर मी आता उघडला तर तो फॉन्ट या संगणकावर नाही, त्यामुळे सगळा यमन आणि बागेश्री रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या कचऱ्यात बदललेला. या वेळी मी युनिकोडमध्ये लिहिले आणि इंकस्केप या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पाने तयार केली. तरीही अक्षरे चित्रातच ठेवली आणि डीव्हीडीस्टायलरमध्ये त्यावर नुसत्या बटणांच्या चौकटी बसवल्या, कारण एकदा चित्र झाले की वेलांटी कुठे पळत नाही. पानाच्या कडेचा दहावा हिस्सा मोकळा सोडला. बाईंचा जुना टीव्ही कडा खातो.

दोन चुका तरीही झाल्याच. कोपऱ्यात मी तानपुऱ्याचे रेखाचित्र घातले होते. टीव्हीवर त्याचा भोपळा आडवा फुगलेला दिसला. पालचे ७२० बाय ५७६ ठिपके चौकोनी नसतात, थोडे रुंद असतात. पान ७६८ बाय ५७६ मध्ये काढून मग आवळायचे असते, हे मला कधीकाळी पाठ होते. दुसरी चूक बटणाच्या खुणेची. कोणत्या बटणावर आहोत हे दाखवणारी खूण डीव्हीडीत उपशीर्षकासारखी वरून येते आणि तिला एकूण चार रंग मिळतात, त्यांत पारदर्शकही आले. मी तिथे छोटा तंबोराच ठेवायला गेलो, तर त्याच्या गोलाईला पायऱ्या पडल्या. शेवटी शब्दाखाली एक आडवी जाड रेघ दिली. शिरोरेषा वर आणि ही खाली, मध्ये रागाचे नाव. ते वाईट दिसत नाही.

कोऱ्या तबकड्या आणायला बुधवार पेठेत तापकीर गल्लीत गेलो. पाऊस, त्यात छत्र्या, त्यात हातगाड्या. पहिल्या दोन दुकानांत ‘‘डीव्हीडी? कशाला?’’ असे विचारले गेले. तिसऱ्यात एका वयस्कर दुकानदारांनी खालच्या फळीवरून चळत काढली, धूळ फुंकली, आणि विचारले, ‘‘लग्न का?’’ मी म्हणालो, ‘‘नाही, शास्त्रीय गायन.’’ त्यांनी एक तबकडी उजेडात धरून तिची खालची बाजू पाहिली, मला दाखवली आणि सांगितले, ‘‘आठच्या वेगाला मारा. सोळाला मारू नका.’’ कित्येक वर्षांनी कोणीतरी मला व्यवसायातले वाक्य ऐकवले होते. मी इमगबर्न या तबकड्या मारण्याच्या सॉफ्टवेअरने आठच्या वेगाला मारल्या, नंतर पडताळणी चालवली, आणि वर स्टिकर न लावता मधल्या पारदर्शक कड्यावर बारीक पेनाने ‘दिवस’ आणि ‘रात्र’ एवढेच लिहिले. बाकीच्या विद्यार्थ्यांना मी तबकडी दिलेली नाही. त्यांच्याकडे ती घालायला जागाच नाही. त्यांच्यासाठी त्याच चित्रफिती एमकेव्ही फाइलीत बांधल्या. तिच्यात प्रकरणांना नावे देता येतात, जी सोय डीव्हीडीच्या प्रकरणांना नसते, त्यामुळे फोनवर ‘बागेश्री’ असे वाचून उडी मारता येते. ते सगळे खूष आहेत, आणि माझ्या मते त्यांच्यापुरते तेच योग्य आहे.

बाईंनी तबकडी दुपारी लावली. आम्ही तिघे-चौघे मागे बसलो होतो. दिवसाचे पान आले, रेघ ‘पहिला प्रहर’ खाली होती. त्यांनी बाण दाबत ती ‘तिसरा प्रहर’ वर नेली, कारण तीन वाजायला आले होते, आणि आतले पान उघडून भीमपलासी लावला. २००९ चा, आता बंगळुरूला असलेल्या एका मुलीने गायलेला. साडेसहा मिनिटे कोणी बोलले नाही. गाणे संपले, काळे झाले, यादीचे पान परत येऊन थांबले. बाईंनी रिमोट मांडीवर ठेवला. बाहेर पाऊस ओसरला होता आणि बाल्कनीतून कबुतरांचे घुमणे ऐकू येत होते. बराच वेळ त्या पडद्याकडे पाहत होत्या. मला वाटले, आता त्या मुलीबद्दल काहीतरी बोलतील.

‘‘मुलतानी तिसऱ्यात टाकलास?’’ त्या म्हणाल्या.

मी पाहिले. भीमपलासीच्या खाली, त्याच यादीत, मुलतानी होता.

‘‘चौथा. उन्हे कलू दे की जरा.’’

घरी येऊन दोन पानांची चित्रे बदलली आणि एक बटण इकडून तिकडे नेले. प्रकल्पाची फाइल नोटपॅडमध्ये उघडून नीट वाचली, दिवसाचे फोल्डर पुन्हा बनवले आणि नवी तबकडी आठच्या वेगाला मारली. दुसऱ्या दिवशी ती द्यायला गेलो तेव्हा सूनबाईंनी दारातच हात पुढे केला आणि आदली तबकडी आतून आणून थेट बाल्कनीत नेली. सुतळी त्यांनी आधीच कापून ठेवली होती.